दोन समुद्रांना मिळणारी नदी

“ती नदी? ती आमच्या बहीणबाईंची डुलकी!” दादा माइकवर म्हणाला आणि अख्खं सभागृह खो खो हसलं. मीही हसले. पहिल्या रांगेत बसलेल्या माणसाने दुसरं काय करायचं?

प्रश्न एका कॉलेजच्या पोरीचा होता: नकाशातली नदी दोन समुद्रांना कशी मिळते? दादाच्या कादंबरीतल्या काल्पनिक देशाचा नकाशा मी काढलाय. त्यातली नदी डोंगरातून निघून मधेच दुभंगते. एक फाटा पूर्वेच्या समुद्राला मिळतो, दुसरा पश्चिमेच्या. पाणी असं वागत नाही. ते उतार बघतं आणि एकाच बाजूला जातं. कादंबऱ्यांचे, गेमचे नकाशे काढण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं, एवढं मला झोपेतही कळतं.

दादाला मी नकाशा काढतानाच हे सांगितलं होतं. माझ्या टेबलाशी बसून तो शाईच्या बाटलीशी चाळा करत होता.

“अगं, राजपुत्र पश्चिमेला पळतो, त्याची बहीण पूर्वेला. एकाच नदीतून. त्यावर तर गोष्ट उभी आहे! काढ तू बिनधास्त. कोणी विचारलं तर मी आहे ना.”

आहे ना म्हणे!

माझ्या शेजारी एका गेम कंपनीची कलाप्रमुख बसली होती. नव्या गेमचं अख्खं जग मला रेखाटायला द्यायचं तिच्या मनात होतं, म्हणून मीच तिला बोलावलं होतं. “कळवते हं,” म्हणून ती उठली. माझ्या चित्रांची फाइल तिने उघडलीही नाही.

जिन्यात मी दादाला गाठलं.

“तूच काढायला लावलीस आणि चारचौघांत मला तोंडघशी पाडलंस?”

“गंमत केली गं. माझी चूक म्हटलं असतं तर पुस्तकाचं हसं झालं असतं. तुला कोण ओळखतं?”

माझ्या खांद्यावर हात ठेवून, अगदी मायेने म्हणाला. तेच जास्त लागलं.

तरी मनात होतं, रात्री विचार करेल, फोन करेल. सकाळी फोन आला तो प्रकाशकांचा.

“ताई, दुसरी आवृत्ती छापायला जातेय. तेवढी नदी नीट करून द्या.”

“दादाला विचारलंत?”

“विचारलं ना. म्हणाले, चूक तिची आहे, तीच निस्तरेल.”

आता तर समोर हसवायला सभागृहही नव्हतं.

मी नकाशा पसरला. पश्चिमेच्या फाट्यावर पांढरा रंग चढवला, तो वाळल्यावर टेकड्या काढल्या, टेकड्यांवर झाडं, झाडांखाली सावल्या. काम चोख झालं. बरं वाटेल असं वाटलं होतं, पण दोनदा डोळे पुसावे लागले. नदी आता शहाण्यासारखी पूर्वेला जात होती. त्या पाण्यावरून बहीण समुद्राला लागणार होती. कादंबरीत राजपुत्र जिथून होडी घेऊन पळतो, तिथे आता नुसतं रान होतं.