गॅस बारीक करण्याएवढा थांबा

हंगामाच्या सणाला चर्चमध्ये नीरजाने दुधी वेदीच्या पायरीवर ठेवला आणि नखाने त्याच्यावरचं मॉलचं स्टिकर खरवडायला घेतलं. अर्धं निघालं. उरलेलं अर्धं तिने भिंतीकडे फिरवून ठेवलं.

शुभदाच्या स्वयंपाकघरात, चमच्यांच्या खणात, डावांच्या खाली, एक नादकाटा. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसाच. ओट्याच्या कडेवर आपटला की गुणगुणतो.

कोजागरीला सोसायटीच्या गच्चीवर सगळ्यांनी शुभदाला गायचा आग्रह केला. "तुम्ही चर्चमध्ये गाता ना, म्हणा एखादं." तिने दूध ढवळायचं काम मागून घेतलं आणि पातेल्यापाशी जाऊन उभी राहिली.

"आमच्याकडे आल्टो आहे. पण ती चालवायची नसते, ऐकायची असते." हे शुभदाच्या नवऱ्याचं, श्रीपादचं वाक्य. नव्या माणसाला तो एकदा तरी ऐकवायचाच. तो गेल्यापासून कोणी म्हटलेलं नाही.

शेजारच्या मंदाकिनीबाईंच्या बाल्कनीतल्या कुंडीत यंदा लिंबं धरली.

गायनमंडळाच्या ग्रुपवर सर्वेशचा मेसेज: शनिवारी प्रॅक्टिस. सगळे एकच चाल. ट्रॅक रेडी आहे.

शुभदाला खुपलं ते हे ‘एकच चाल’.

*

बाळकुमचं देऊळ, म्हणजे हे चर्च, दगडी आणि बुटकं आहे. साहेबाच्या काळात बांधलं तेव्हा भोवती भातशेती होती. आता तीन बाजूंना टॉवर आहेत, आणि दुपार कलली की एका टॉवरची सावली घंटेवर येऊन बसते. मंडळीतली बहुतेक घरं नगरकडून कारखान्यांच्या नोकऱ्यांसाठी आलेली. पहिली पिढी हंगामाच्या सणाला गावाहून ज्वारीची कणसं आणायची, वेदीपुढे ठेवायची. आता कोणाचं शेत उरलेलं नाही, पण सण उरला आहे. पावसाळा सरला की एक रविवार ठरतो आणि जो तो काहीतरी घेऊन येतो. भाताच्या लोंब्या शीळफाट्याकडच्या कोणाच्या तरी ओळखीने मिळतात. बाकीचं मॉलमधून.

शनिवारी प्रॅक्टिस सुरू होण्याआधी सर्वेश कीबोर्डमागून उठून शुभदाच्या शेजारी येऊन बसला. बँकेत नोकरी करणारा सरळ मुलगा. जुने मास्तर वारल्यावर गायनमंडळ हातात घ्यायला कोणी पुढे येईना, तेव्हा त्याने घेतलं होतं.

"आंटी, राग नका मानू."

"मी कशाला रागावू?"

"बास कोणी नाही. टेनर एक मयूर होता, तो पण बंगलोरला गेला. आता वर सगळे चाल म्हणणार आणि खाली तुम्ही एकट्या. ऐकणाऱ्याला ना, असं वाटतं की कोणीतरी चुकतंय."

"कोणाला वाटलं?"

सर्वेशने कीबोर्डची वायर उगाच सरळ केली. "तसं कोणी बोललं नाही."

बोलायची गरजही नव्हती. गेल्या नाताळात पुढच्या बाकावरच्या एका नव्या बाईने मान वळवून शुभदाकडे पाहिलं होतं. बाई चांगली असावी. आजारी माणसाकडे बघावं तसं तिने पाहिलं आणि लगेच मान पुढे फिरवली.

"बरं," शुभदा म्हणाली. "एकच चाल."

"अगं शुभे, चाल तर सोपी असते," नीरजा पलीकडून म्हणाली. "पोरंसोरं म्हणतात."

ट्रॅक सुरू झाला. शेतांच्या धन्याचं ते जुनं गीत. लग्नाआधीपासून शुभदा ते दर हंगामाला गात आली होती. तिने तोंड उघडलं. पहिला शब्द चालीवर पडला. दुसऱ्या शब्दाला चाल उडी मारून वर गेली आणि शुभदाचा गळा जिथे होता तिथेच राहिला. आल्टो, बायकांचा खालचा आवाज, तिथेच राहते. तिने परत प्रयत्न केला. वाट माहीत असलेला बैल जसा गोठ्याकडेच वळतो तसा आवाज खाली वळला. तिसऱ्या ओळीपासून तिने नुसते ओठ हलवले.

"मस्त झालं," सर्वेश म्हणाला. "एकदम क्लीन."

*

चार आवाजांत गाणं म्हणजे काय, हे श्रीपाद पाहुण्यांना समजावून सांगायचा. वरचा आवाज चाल म्हणतो. तीच लोकांच्या लक्षात राहते. टेनर मधून मधून मिरवतो. बास म्हणजे तो स्वतः, जमीन. आणि आल्टो?

"आल्टो म्हणजे भाजीतलं मीठ," तो म्हणायचा. "नुसतं खाऊन बघा, तोंड वाकडं होईल."

खोटं नव्हतं. आल्टोच्या ओळीत चार-पाच सूर, त्यातला एकच फिरून फिरून. बस येईल म्हणून एका जागी उभं राहावं तशी ओळ. श्रीपाद असताना ती दोघं संध्याकाळी स्वयंपाकघरात म्हणत. खाली त्याचा जाड आवाज असला की तिच्या ओळीलाही काही आकार यायचा. तो गेला, आणि ती एकटीच म्हणत राहिली. कुकर लावायचा, नादकाटा ओट्यावर आपटायचा, सूर धरायचा. दुसऱ्या ओळीच्या शेवटी शिट्टी यायची. तिथे थांबून ती गॅस बारीक करायची आणि पुढे सुरू करायची. पुढे पुढे कुकर नसला तरी तिथे थांबायला लागली.

त्या शनिवारी ती घरी आली, कुकर लावला आणि नादकाटा खणातच राहू दिला. रविवारी सकाळच्या उपासनेलाही गेली नाही. तिच्या मनाशी सगळं ठरलं होतं. सणाच्या दिवशी घसा बसलाय म्हणायचं आणि मागच्या बाकावर बसायचं. नाताळापर्यंत लोकांना सवय होईल. मग गायनमंडळात आपली खुर्ची होती हे सांगायलासुद्धा कोणी लागणार नाही.

सोमवार गेला, मंगळवार गेला. शिट्ट्या झाल्या, गॅस बारीक झाला. घरात त्याखेरीज आवाज नव्हता.

*

बुधवारी संध्याकाळी बेल वाजली. शेजारच्या मंदाकिनीबाई दारात होत्या, हातात शुभदाचीच वाटी. दोघींचं येणं-जाणं या वाट्यांपुरतंच. रिकामी वाटी परत द्यायची नाही हा मंदाकिनीबाईंचा नियम, त्यामुळे ते कधी संपत नसे. आज मात्र वाटी रिकामी होती.

"शुभदाताई, बरं नाही का तुम्हाला?"

"बरी आहे की."

"मग संध्याकाळचं तुमचं ते..." त्यांनी हाताने स्वयंपाकघराच्या भिंतीकडे खूण केली.

शुभदा ओशाळली. "तिकडे ऐकू येतं? अहो, इतकी वर्षं बोलला नाहीत. किती त्रास झाला असेल."

"त्रास कसला? मी भात तुमच्या गाण्यावर लावते. तुम्ही सुरू केलंत की माझा कुकर चढतो, तुमचं शेवटचं कडवं झालं की मी बंद करते. परवा वाट बघत बसले तर भात लागला खाली. म्हणून वाटी रिकामी."

शुभदा हसली. तिने त्यांना आत घेतलं, स्टूल पुढे केलं. मंदाकिनीबाईंनी बसल्या बसल्या भिंतीकडे असं पाहिलं, जणू ती बाजू त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

"आमचे हे गेले तेव्हा मी टीव्हीसुद्धा लावत नव्हते," त्या म्हणाल्या. "लेकाचा, स्वानंदचा फोन यायचा, पाच मिनिटं. बाकी दिवसभरात भिंतीतून येणारं तेवढं एकच कानावर पडायचं. साधं गाणं आहे तुमचं. फार वर-खाली करत नाही. मला आवडतं ते. पूर्वी त्याच्या खाली एक जाड आवाज असायचा."

"श्रीपाद."

"हो. ते गेल्यावर गाणं जास्त स्पष्ट ऐकू यायला लागलं." मंदाकिनीबाईंनी जीभ चावली. "म्हणजे, मला तसं म्हणायचं नव्हतं."

"कळलं मला," शुभदा म्हणाली.

"रविवारी सण आहे ना तुमचा? दरवर्षी बोलावता, मी दरवर्षी गुडघा पुढे करते. यंदा येते. एकदा समोर बसून ऐकायचंय."

आपण गाणार नाही हे तेव्हाच सांगायला हवं होतं. शुभदा नळाखाली ती रिकामी, स्वच्छ वाटी धूत उभी राहिली.

"या," ती म्हणाली.

*

रविवारी देवळाच्या दारात धर्मगुरू, पाळकसाहेब, उभे होते. "सलाम," ते मंडळीच्या रीतीप्रमाणे म्हणाले. मंदाकिनीबाईंनी हात जोडून नमस्कार म्हटलं, दोन पावलं पुढे गेल्या, काय वाटलं कोण जाणे, मागे वळून "सलाम"ही म्हणाल्या. मग पिशवीतून लिंबं काढली, देठा-पानांसकट, आणि वेदीपुढे कुठे ठेवायची ते विचारलं. नीरजाने आपल्या दुधीशेजारी जागा करून दिली.

"घरची?" नीरजाने विचारलं.

"कुंडीतली."

नीरजाने दुधी आणखी थोडा भिंतीकडे फिरवला.

शुभदा मागच्या बाकावर बसली. मंदाकिनीबाई तिच्या शेजारी येऊन टेकल्या आणि पुढच्या खुर्च्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तुम्ही तिकडे नाही?"

"घसा."

मंदाकिनीबाईंनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

सर्वेशने ट्रॅक लावला. गायनमंडळाने पहिलं कडवं म्हटलं, स्वच्छ, एका चालीत. मंदाकिनीबाई मान हलवत, पाहुणीच्या अदबीने ऐकत होत्या.

"छान आहे," त्या कुजबुजल्या. "तुमचं कधी आहे?"

"हेच ते."

"छे."

"अहो, हेच. शब्द बघा." शुभदाने गीताचा कागद पुढे धरला.

मंदाकिनीबाईंनी चष्मा लावला, बोट ओळींवरून फिरवलं. कणसांचा भार, वाकलेली शेतं, दारात उभा असलेला धनी. सगळे शब्द ओळखीचे निघाले. त्यांनी चष्मा काढला.

"शब्द तेच आहेत," त्या म्हणाल्या. "चाल चुकवलीय या लोकांनी."

दुसरं कडवं सुरू झालं आणि मंदाकिनीबाईंनी तोंड उघडलं. गाण्याचा आव आणून नव्हे. घरात काम करताना माणूस म्हणतं तसं, पण पूर्ण आवाजात. सूर त्यांनी ट्रॅकचा धरला. ओळ मात्र भिंतीतून आलेली. तेच चार-पाच सूर, त्यातला एकच फिरून फिरून. कुठे दम घ्यायचा तेही तेच. एका शब्दाच्या ऐन मध्यावर, जिथे कुठल्याही मास्तरांनी घेऊ दिला नसता.

पुढून नीरजाने मान वळवली आणि रागाने शुभदाकडे पाहिलं. शुभदाचं तोंड बंद होतं. नीरजाची नजर तिच्यावरून शेजारच्या बाईवर गेली आणि तिथेच अडकली.

दुसऱ्या ओळीच्या शेवटी मंदाकिनीबाई थांबल्या. गायनमंडळ पुढे गेलं, ट्रॅक पुढे गेला. त्या थांबूनच राहिल्या. बाकाच्या कडेवर ठेवलेल्या शुभदाच्या उजव्या हाताची बोटं एकत्र आली आणि हळूच डावीकडे फिरली. गॅस बारीक झाला. मंदाकिनीबाईंनी पुढची ओळ उचलली.

सर्वेश कीबोर्डवरून डोकं वर करून शोधत होता. आवाज कुठून येतोय ते त्याला कळेना.

तिसऱ्या कडव्याआधी दोन मात्रांची जागा असते. शुभदाने कागद मंदाकिनीबाईंच्या मांडीवर ठेवला. मंदाकिनीबाई सुरू झाल्या. खालची ओळ आपल्या जागी उभी राहिली, हलली नाही. शुभदाने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि वरून चाल म्हणायला घेतली. दुसऱ्या शब्दाला चालीने उडी मारली तेव्हा तीही गेली.

सोपी होती. पोरंसोरं म्हणतात.

*

उपासनेनंतर अंगणात चहा आणि केक होता. सर्वेश दोन कप घेऊन आला. त्याने एक कप शुभदाला दिला, एक मंदाकिनीबाईंना, आणि तिथेच घुटमळला.

"आंटी, घसा बरा झाला?"

"थोडा."

"या काकू कुठल्या चर्चच्या?"

"माझ्या शेजारच्या," शुभदा म्हणाली.

सर्वेशने काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याला वेदीपुढच्या वस्तूंच्या लिलावासाठी कोणीतरी हाक मारली. टॉवरची सावली अजून घंटेपर्यंत आली नव्हती. मंदाकिनीबाईंनी केकचा तुकडा कपाच्या बशीत ठेवला.

"तुम्हीसुद्धा शेवटी त्यांचंच म्हणायला लागलात," त्या म्हणाल्या.

"हो."

"म्हटलं, आपण तरी धरून ठेवावं."

कित्येक वर्षांपूर्वी, आताच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या आल्या, शुभदा आणि श्रीपादने एका सुताराला बोलावलं होतं. गाण्याचा शेजाऱ्यांना उपद्रव नको म्हणून स्वयंपाकघराच्या भिंतीला आतून कापूस भरून प्लायवूड मारायचं होतं. त्याने माप घेतलं, चहा घेतला, सोमवारी येतो म्हणाला. तो आला नाही.