रुपीबाईची घोडी

बासष्ट साल असेल. आर्णीजवळच्या बंजारा तांड्यात नागपूरचा वामनराव तिसऱ्यांदा आला, तेव्हा पूनमसिंगनं त्याला पाणी दिलं, पण त्याच्या वहीवरची नजर काही हलवली नाही.

ज्यांच्या अंगातला जोर वर्षागणिक ओसरत जातो, अशांना चालता यावं म्हणून वामनराव एका इस्पितळासाठी नवी साधनं बनवून पाहत होता. पूनमसिंगची बहीण रुपीबाई त्यांतलीच. तिशीही गाठली नव्हती, पण पाच वर्षांपासून भिंत धरल्याशिवाय तिला उठता येत नव्हतं. वामनराव तिच्या पायाला पट्टा बांधायचा, त्याला स्प्रिंगचा काटा अडकवायचा आणि म्हणायचा, "ओढा बाई, जोरानं." काटा कुठवर सरकला ते वहीत लिहायचा. मागच्या खेपेला त्यानं तिला धरून चालायला लोखंडी घोडीही दिली होती.

एवढं पूनमसिंगनं सोसलं होतं. या खेपेला मात्र वामनरावानं भलतंच विचारलं, "घराण्यात असं आणखी कोणाला होतं का?"

पूनमसिंग तोंड उघडायच्या आत रुपीबाई बोलून गेली, "काकाले होतं. आत्याच्या पोरालेबी."

पूनमसिंगच्या मुलीची, नंदाची सोयरीक बोरी अरबकडच्या तांड्यात जुळत आली होती. घराण्याच्या रक्तातच खोट आहे असं कागदावर उतरलं तर? आणि हा तर गावोगाव फिरणारा माणूस!

"कायले पाह्यजे आमचं घराणं?" तो गुरकावला. "पाय हिचे हायेत, काकाचे नाहीत."

"जोर पुढे किती जाईल त्याचा अंदाज येतो. साधन तसं बेतावं लागतं."

पूनमसिंगला ते पटलं नाही. दुपारी वामनराव नाल्यावर हातपाय धुवायला गेला, तशी त्यानं पिशवीतली वही उचलली, अंगातल्या बंडीखाली दडवली आणि तडक शाळेत श्रावण मास्तरांकडे गेला.

"आमचं नाव कुठं कुठं हाये, तेवढं पाहा."

मास्तरांनी पानं चाळली. "नाव कोणाचंच नाही. गावाचंही नाही. नुसते आकडे. तुझी बहीण सात नंबर दिसते, काका नि आतेभाऊ तिच्याच खाली लिहिलेत."

"मंग एवढं लिवलं काय?"

मास्तर वाचू लागले. 'सात नंबर. चालायची घोडी लोखंडाची केली ही माझी चूक. फार जड झाली, बाई दोनदा पडल्या. खांद्यांतही जोर कमी आहे हे मी पाहिलं नाही. बांबूची करा, चाकं फक्त पुढच्या पायांना लावा, असं त्यांनीच सुचवलं.'

रुपी पडल्याचं पूनमसिंगला कोणी सांगितलं नव्हतं.

तो घरी आला तेव्हा वामनराव पिशवी उलटी करून बसला होता. रुपीबाईनं भावाच्या फुगलेल्या बंडीकडे पाहिलं.

"भिया, वही दे त्यायची."

त्यानं वही काढून दिली. "तू पडली ते मले काहून नाही सांगतलं?"

"तू घोडी नाल्यात फेकली असती."

"फेकलीच असती! अन् नंदाची सोयरीक मोडली तं?"

"तू लपवशील. उद्या तिचं लेकरू असंच पडलं तं? तवा कोणाले इचारशील?"

वामनराव हळूच म्हणाला, "हवं तर घराण्याची ओळ खोडतो."

पूनमसिंगनं उपडी पडलेली पिशवी उचलून त्याच्या हातात दिली. "राहू द्या. पण गावाचं नाव टाकसान तं याद राखा."

दोन महिन्यांनी बांबूची घोडी आली. ती ढकलत रुपीबाई एकटी समोरच्या बिजलीबाईच्या ओट्यापर्यंत गेली आणि तिथे बसून दम लागेपर्यंत हसत राहिली. दीड वर्ष ती तशी हिंडली. मग हातांतलाही जोर ओसरला, आणि वामनरावानं तिला बसून सरकायला चाकांची फळी केली.

घोडी आल्यावर आठवड्यानं पूनमसिंग स्वतःच नंदाच्या होणाऱ्या सासऱ्याकडे, लखीरामकडे गेला आणि काका, आतेभाऊ, बहीण सगळं सांगून मोकळा झाला. लखीराम ऐकत राहिला. मग दाराकडे पाहून त्यानं आवाज उतरवला.

"तो वहीवाला इकडं येईल काय?"

पूनमसिंगचे डोळे बारीक झाले. "काहून? तुमच्या घरी कोणाले झालं?"

"माह्या भावाले," लखीराम म्हणाला. "आमीबी सांगणार नव्हतो."

लग्न वैशाखात झालं.