दोनशे चाळीस माणसं आत आणायची

वनमालाला प्रश्न विचारायची खोड लहानपणापासूनची. विक्रोळीच्या कंपनीत टाइम ऑफिसला लागली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने हेडक्लार्कला विचारलं होतं, "साहेब, पहिल्या पाळीचे चौदाशे लोक बाहेर पडतात, दुसऱ्या पाळीचे तेवढेच आत येतात, तेही एकाच गेटातून. मग धक्काबुक्की कशी होत नाही?"

"होत नाही, बस. तू हजेरीची कार्डं लाव."

कार्डं लावता लावता ती खिडकीतून बघत राहिली. हळूहळू तिच्या लक्षात आलं, की ज्यांचं खातं सगळ्यात लांब ते आधी येतात, गेटाजवळचे शेवटी रमतगमत येतात, आणि गेटात कोणी थांबत म्हणून नाही. या माहितीचा कुणाला काही उपयोग असेल असं तिला वाटलं नव्हतं. तिला फक्त बघायला आवडायचं.

पंच्याऐंशी साली कंपनीला पन्नास वर्षं झाली. कॉलनीच्या मैदानावर मोठा खेळ करायचं ठरलं. कोकणातून बोटीने आलेली माणसं मुंबईत कामगार कशी झाली, त्याची गोष्ट. त्यात कामं करणार कामगार आणि त्यांच्या घरचे, एकूण दोनशे चाळीस. बसवायला बोरिवलीहून चंद्रप्रकाश नेरूरकर नावाचे दिग्दर्शक आले. बँका-ऑफिसांच्या नाट्यस्पर्धांत त्यांचं नाव होतं, पण दहा-बारा पात्रांपलीकडे त्यांनी कधी बसवलं नव्हतं. तालमींची हजेरी घ्यायला टाइम ऑफिसातून वनमालाला पाठवलं.

"हजेरी घेवक जातस काय नाटक बघूक?" तिचे वडील गुणाजी विचारायचे. गिरणी बंद पडल्यापासून ते घरातच होते. तिसऱ्यांदा पेपर वाचून झाला की लेकीची वाट बघत दारात बसायचे.

"दोन्ही," ती म्हणायची.

तिसऱ्या रविवारी शेवटच्या प्रवेशाची तालीम झाली. सगळेच्या सगळे एकदम मैदानावर हवे होते. गेट म्हणून उभारलेल्या बांबूच्या चौकटीतून माणसं यायला लागली ती येतच राहिली. पुढचे जागेवर उभे राहिले, मागच्यांना पलीकडे जायला वाट उरली नाही. अकरा मिनिटं लागली. नेरूरकरांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"सर, एक विचारू?" वनमाला म्हणाली. "सगळ्यात लांब उभं राहणारा माणूस सगळ्यात शेवटी का येतोय?"

"म्हणजे?"

"त्याने पहिलं यायला हवं ना. आमच्या गेटावर तसंच होतं."

नेरूरकरांनी टोपी परत घातली. मग म्हणाले, "तू टाइम ऑफिसची ना? ये इकडे. करून दाखव."

तिने रात्रभर वहीत नंबर पाडले, पुढच्या रविवारी सकाळी मैदानावर चुन्याच्या फक्कीने ते आखले आणि प्रत्येकाला आपला नंबर पाठ करायला लावला. तालीम झाली. तेरा मिनिटं लागली! कुणी एकशे सातवर उभा राहून एकशे सत्तर शोधत होता. फाउंड्रीतला धाकू खाली वाकून नंबर वाचायला गेला आणि मागचे चौघे त्याच्यावर आदळले.

"वाट लागली," नेरूरकर एवढंच बोलले.

वनमालाला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त कोडं पडलं. गेटावर जमतं ते इथे का जमू नये? डबे उघडले तशी ती एकेका घोळक्यात जाऊन बसली. पॅकिंग खात्यातल्या शेवंतीला तिने विचारलं, "रोज कामावर येताना तू काय बघून चालतेस गं?"

"काय बघणार? द्रौपदीची पाठ. ती पुढे असते. तिचं बोलणं संपत नाही, म्हणून मी मागे."

"आणि ती नसली तर?"

"तर चुकल्यासारखं होतं."

वनमालाने चार-पाच जणांना हेच विचारलं आणि सगळ्यांनी कुणा ना कुणाचं नाव सांगितलं. नंबर कुणीच सांगितला नाही. तिने वही मिटली. दुपारी तिने रांगा नव्याने लावल्या. रोज जे एकमेकांच्या मागून चालतात, त्यांना तसंच मागेपुढे ठेवलं. "नंबर विसरा. पुढचा माणूस तेवढा लक्षात ठेवा. तो थांबला की त्याच्या उजव्या हाताला थांबायचं." फक्त रांगांच्या म्होरक्यांना तिने फक्कीवरून जागा दाखवल्या.

पहिल्या खेपेला सहा मिनिटं, चौथ्या खेपेला तीन. नेरूरकरांनी घड्याळ कानाला लावून बघितलं, बंद तर पडलं नाही ना!

जानेवारीत प्रयोग होता, संध्याकाळी साडेपाचला. मैदान पाच हजार माणसांनी भरलं. शेवटच्या प्रवेशाला नेरूरकरांनी कंपनीचा खरा भोंगा वाजवायची परवानगी काढली होती. तालमीत अवेळी भोंगा वाजवता येत नव्हता, म्हणून तिथे शिट्टीवर भागवलं होतं. भोंगा वाजल्यावर काय होईल हे कुणीच बघितलं नव्हतं.

भोंगा वाजला. रांगा निघाल्या आणि त्याच क्षणी प्रेक्षकांत खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. शंभरेक माणसं उठून उभी राहिली होती. भानावर येऊन बरीचशी हसत खाली बसली. पण एका बाजूला निवृत्त कामगारांना बसवलं होतं, त्यातला धोंडिराम नावाचा म्हातारा बसलाच नाही. पायजमा सावरत तो खुर्च्यांतून बाहेर आला आणि समोरून जाणाऱ्या रांगेच्या शेपटाला लागून चालू लागला. त्याच्या मागे दुसरा, मग तिसरा. बघता बघता पन्नास-साठ झाले.

नेरूरकर खुर्चीतून उठले. स्वयंसेवक धावत वनमालाकडे आला. "ताई, अडवू का? दोर लावतो!"

ती म्हाताऱ्यांच्या पायांकडे बघत होती. ते थबकत नव्हते, कुणाला विचारत नव्हते.

"अडवू नको," ती म्हणाली. "चालता माणूस अडवलास तर मागचे चेंगरतील. जाऊ दे. बघू कुठे जातात."

म्होरके जागेवर पोहोचले, थांबले. रांगा त्यांच्या उजवीकडे उलगडत गेल्या. शेपटाला म्हातारे होते, तेही पुढच्याच्या उजव्या हाताला थांबत गेले, जणू तालमीला होतेच. मैदान भरलं. दोनशे चाळीसच्या जागी तीनशे माणसं, त्यातली साठ तर ज्यांची ही गोष्ट तीच. प्रेक्षकांना वाटलं, असंच बसवलेलं आहे. टाळ्या थांबेचनात. नेरूरकर खुर्चीवर बसून रडले आणि मग, "चार मिनिटं लागली," असं म्हणून हसले.

दुसऱ्या दिवशी वनमालाने धोंडिरामला गाठलं. "आजोबा, काल का उठलात?"

म्हाताऱ्याने विचार केला. "मला काय ठाऊक! भोंगा झाला, माणसं निघाली. बसून कसं राहणार?" मग जरा लाजून विचारलं, "पुन्हा कधी आहे?"

खेळाची बातमी उपनगरभर फिरली. मुलुंडच्या एका शाळेने रौप्यमहोत्सवासाठी बोलावलं, मग घाटकोपरच्या मंडळाने. नेरूरकर म्हणाले, "बसवायचं काम माझं, माणसांचं काम तुझं." अठ्ठ्याऐंशी साली अंधेरीच्या मैदानावर सातशे कलाकारांचा खेळ करायचं ठरलं, तेव्हा वनमालाने राजीनामा लिहिला.

"कंपनीची नोकरी सोडतस? खुळी झालंस काय गो?" गुणाजी दोन दिवस तिची वाट बघत दारात बसले नाहीत. तिला भीती होतीच. घर तिच्या पगारावर चाललं होतं. पण दर वेळी नव्या मैदानावर उभं राहिलं की आधी प्रश्नच सुचायचे, भीती मागाहून.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गुणाजी चष्मा पुसत म्हणाले, "सातशे माणसा म्हणतस. तेंका चाय कोण देता?"

"अजून ठरलं नाही, बाबा. का?"

"सातशे कप एकदम देवचे तर थंड होतत. आमच्या गिरणीत खात्याखात्यात किटली फिरायची." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मैदान केवढा हा? माका बघूक व्हया."

रविवारी ती त्यांना अंधेरीला घेऊन गेली. रिकाम्या मैदानावर गुणाजींनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावलं मोजली, चुकली म्हणून परत मोजली. वनमाला कठड्यावर बसून बघत होती. ते अर्ध्यात थांबले आणि लांबून ओरडले, "गो, ह्या बाजूक नळ खंय आसा?"

तिला ठाऊक नव्हतं. ती उठली आणि शोधायला निघाली.