खारीच्या पाठीचा सवाल

कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण घाटकोपरच्या भटवाडीवरून उतरणारं एक विमान एकदा धोंडूबुवांचा गजर ऐकायला माघारी फिरलं होतं. पायलट कुडाळचा होता म्हणे. चाकं बाहेर काढलेली, समोर धावपट्टी मोकळी, आणि त्याच्या कानावर पखवाजाची थाप पडली. गड्यानं मुलुंडपर्यंत वळसा घेतला, परत आला, आणि गजर संपल्यावरच विमान टेकवलं. आतल्या एकाही उतारूनं तक्रार केली नाही. उलट दोघांनी जेवणाच्या चमच्यांनी टाळ धरला.

हे सांगणारा सीताराम घाडी, आणि तो पखवाज त्याचाच. चाळीस वर्षं तो धोंडूबुवा मेस्त्रींच्या शेजारी बसला. दोघं एकाच गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एकाच गेटवर वॉचमन झाले, आणि सुट्टी आली की डबलबारी. डबलबारी म्हणजे भजनाची कुस्तीच. दोन बुवा, दोन मंडळ्या, समोरासमोर. एकानं गाता गाता दुसऱ्याला पुराणातला सवाल टाकायचा, दुसऱ्यानं तो आपल्या बारीत गाऊन सोडवायचा, आणि मधेमधे एकमेकांच्या सात पिढ्यांची अब्रू चव्हाट्यावर आणायची. बारी संपली की दोन्ही बुवा एकाच कागदातली भजी खाणार.

सीताराम विमानाबद्दल थापा मारायचा, बुवांच्या आवाजाबद्दल मात्र त्याला कधी माराव्या लागल्या नाहीत. मुंबईत जन्मलेली, गाव फक्त गणपतीत बघितलेली पोरंसुद्धा तो आवाज लागला की मोबाइल खिशात ठेवायची.

तो आवाज आता गेला होता. गळ्याचा कर्करोग. गळ्याच्या खाली भोक, भोकात नळी, श्वास त्या नळीतून. बोलायचं तर नळीच्या तोंडावर बोट दाबायचं. मग घसा खरवडून काहीतरी वर यायचं. बुवांनी ते दोनदा करून बघितलं, स्वतःचा आवाज ऐकला, आणि खुणेनं पाटी मागवली. त्यानंतर ते पाटीवरच बोलत.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी हात टेकल्यावर बुवांच्या बायकोनं, नलिनीवहिनींनी, त्यांना अकरा दिवस घरी ठेवलं. अकराव्या दिवशी कळ सोसेना म्हणून बुवांनी उशी दातांत धरली आणि फाडली. मग मुलगा सुशांत त्यांना मुलुंडच्या एका सेवागृहात घेऊन आला. टेकडीच्या पायथ्याशी बैठी इमारत, बारा खाटा, जे बरे होणार नाहीत त्यांच्यासाठी.

वहिनींनी पहिल्याच दिवशी विचारलं, "सलाईन खंय आसा?"

"नाही लावत आजी," क्षमा सिस्टर म्हणाल्या. "दुखणं थांबवायचं औषध दर चार तासांनी. जखम रोज धुवायची. पाठ रोज चोळायची. आणि तुम्ही जेवायचं."

"माझ्या जेवणान ह्येंका काय होतला?"

"तुम्ही पडलात तर मला तेरावी खाट मांडावी लागेल."

तिसऱ्या दिवशी बुवा सलग सहा तास झोपले. वहिनी खुर्चीतच झोपल्या. जाग आली तेव्हा त्या अशा दचकून उठल्या, जणू दुधाचं भांडं उतू घालवलंय. नवऱ्याला मरायला आणून ठेवलं आणि मी घोरतेय, म्हणून त्या रडल्या. भटवाडीत जिन्यावर एकीनं विचारलंच होतं, "बुवांका टाकून इलात काय गो? घरात जागा नाय होती?" त्याला वहिनींकडे उत्तर नव्हतं. सीतारामकडे होतं. त्यानं भटवाडीभर पसरवलं की मुलुंडला बुवांच्या खोलीत एसी आहे, मोर येतात, आणि एका मंत्र्याला तिथली खाट मिळाली नाही म्हणून तो रागावून दिल्लीला गेला.

तो रोज दुपारी दोनला यायचा आणि खाटेच्या कडेला बसून पुड्या सोडायचा. शेजारच्या खाटेवर ट्रॉम्बेहून आलेले भीमराज कांबळे होते. त्यांच्या पोटात पाणी भरायचं. त्यांनाही सीतारामच्या गोष्टींची चटक लागली होती.

"घाडी, विमान परत फिरलं तर पेट्रोलचे पैसे कुणी दिले हो?"

"बारीच्या वर्गणीतून!" सीताराम म्हणायचा. भीमराज पोट धरून हसायचे आणि मग दुखलं म्हणून शिव्या घालायचे.

बुवा हसायचे नाहीत. हसलं की नळीत खोकला अडकायचा. डोळ्यांच्या कडा मात्र दुमडायच्या, आणि सीतारामला तेवढं पुरायचं.

एक गोष्ट मात्र बुवांना गिळवत नव्हती. गेल्या माघात बोरिवलीला बारी होती, समोर मार्तंडबुवा. मार्तंडबुवा म्हणजे धोंडूबुवांचा तीस वर्षांचा वैरी. मिशा पिळून सवाल टाकायचा, उत्तर येईपर्यंत तंबाखू मळत बसायचा, आणि उत्तर आलं की लगेच उलटा सवाल. त्या दिवशी त्यानं टाकला: रामाच्या सेतूसाठी खारीनं वाळू वाहिली, रामानं तिच्या पाठीवरून बोटं फिरवली, पट्टे उमटले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण बुवा, खारीला स्वतःची पाठ दिसते का? मग हात रामाचा होता, हे तिला कळलं कसं?

धोंडूबुवांनी पेटी ओढली, सूर लावला, आणि पहिल्याच ओळीला गळ्यातून आवाजाऐवजी रक्त आलं. बारी तिथंच मोडली. त्यानंतर तपासण्या, केमो, किरणं, नळी. मार्तंडबुवा एकदाही भेटायला आला नाही.

आणि आता सेवागृहातल्या चौथ्या आठवड्यात एका सकाळी, क्षमा सिस्टर बुवांना कुशीवर वळवून पाठ चोळत असताना, त्यांनी हात हलवून पाटी मागितली. कुशीवर पडल्या पडल्या वेड्यावाकड्या अक्षरांत चार ओळी लिहिल्या:

पाठ आपुली दिसेना खारीला ।
हात कुणाचा ठाउक ना तिला ।
क्षणभर भार हलका झाला ।
इतुकेचि कळे ॥

दुपारी सीताराम आला तेव्हा बुवांनी पाटी त्याच्यापुढे धरली. सीतारामनं वाचली. पुन्हा वाचली. मग त्यानं खाटेच्या लोखंडी दांडीवर ठेका धरला. बुवांनी मान हलवली: हळू. त्यानं लय उतरवली. बुवांचे ओठ हलत होते, चारही ओळी त्या लयीत बसत होत्या. भीमराज डोळे मिटून पडले होते. वहिनी खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मग बुवांनी पाटी पुसली आणि लिहिलं: मार्तंडाक घेऊन ये. ऐकान जाऊंदे.

आणि खाली: बेगीन.

इतकी घाई का, हे समजावण्याची गरज नव्हती. सिस्टरांनी सुशांतला सांगितलं होतं, आठवडा, फार तर दहा दिवस.

दुसऱ्या दिवशी सीताराम बोरिवलीला गेला. जिना चढताना त्यानं दोन टोमणे तयार ठेवले होते. दार मार्तंडबुवाच्या मुलीनं, जान्हवीनं उघडलं. आत भिंतीला टेकून फोटो, फोटोला हार, पुढे समई. फोटोतल्या मिशा पिळलेल्याच होत्या.

"पंधरा दिवस झाले काका," जान्हवी म्हणाली. "सकाळी दाढी करता करता गेले. तुम्हाला मुद्दाम कळवलं नाही. म्हटलं, धोंडूकाकांच्या कानावर जाईल. त्यांना तेवढं कशाला अजून."

सीताराम चपला न काढताच उभा होता.

"भेटायला यायचे होते हो. दोनदा मुलुंड स्टेशनपर्यंत जाऊन परत आले. म्हणायचे, माझ्या सवालानं त्याचा गळा फुटला, मी कुठल्या तोंडानं जाऊ?"

"सवालान कसो गळो फुटात? तो रोग होतो."

"सांगितलं ना मी. शंभरदा सांगितलं."

तिनं चहा केला. सीतारामनं खिशातून कागद काढला आणि चार ओळी तिला वाचून दाखवल्या. चांगल्या वाचता आल्या नाहीत. तिनं कागद हातात घेतला, फोटोकडे बघितलं, आणि कागद परत दिला. जन्मात पहिल्यांदा सीताराम कुणाच्या तरी घरातून एकही थाप न मारता बाहेर पडला.

सेवागृहाच्या व्हरांड्यात त्यानं वहिनींना आणि सुशांतला सांगितलं. सुशांतला आधीच माहीत होतं. बारीवाल्यांच्या ग्रुपवर श्रद्धांजली आली तेव्हाच त्यानं बाबांचा मोबाइल 'दुरुस्तीला' म्हणून उचलून नेला होता; सीताराम तर त्या ग्रुपवर नव्हताच.

"मेल्या, माका तरी सांगायचंस!" वहिनी म्हणाल्या.

"तुझ्या तोंडावर सगळं दिसतं आई. बाबांना दोन मिनिटांत कळलं असतं."

 वहिनींनी क्षमा सिस्टरांना गाठलं. "सिस्टर, तुम्ही सांगा त्यांना, मार्तंडबुवा गावाक गेलेत."

"नाही आजी. मी पेशंटशी खोटं बोलत नाही," सिस्टर म्हणाल्या. "आपणहून सांगायला जाणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खरं सांगेन. आणि तुम्ही म्हणता तेवढे ते कच्चे नाहीत."

"ते तुमका ठाऊक नाय. हो माणूस आयुष्यात बारी अर्धी ठेवन उठलो नाय. आता हा कळला तर तो तसोच जायत. तोंड उघडा ठेवन."

 औषधाची वेळ झाली होती, सिस्टर गेल्या.

सुशांत बाकड्यावर बसला. "काका," तो बारीक आवाजात म्हणाला, "खरं सांगा. आपण सोडूनच दिलं ना बाबांना? अजून एक केमो झाली असती."

 सीतारामनं पोराच्या मानेवर हात ठेवला. वहिनी त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. पदर डोक्यावर घेतला, जसा त्या देवळात घ्यायच्या.

"भावजी, जन्मभर फुकटच्या थापा मारल्यात. आज एक कामाची मारा. त्यांका सुखान जाऊंदे."

सीतारामनं नळावर तोंड धुतलं, भांग पाडला आणि आत गेला. बुवांच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, श्वास नळीत घरघरत होता. पण नजर दारावरच होती. सीतारामच्या मागे आणखी कुणी येतंय का, ते बघून घेतलं त्यांनी.

"कोणाचो विश्वास बसूचो नाय," सीतारामनं सुरुवात केली.

"आमचा बसतो," भीमराज पलीकडून म्हणाले. "बोला."

मग तो सुटला. मार्तंडबुवा गॅलरीत बसून तंबाखू मळत होता. सीतारामनं दारातूनच खारीचं उत्तर म्हटलं, तेव्हा त्याच्या हातातली तंबाखू खाली पडली आणि खालच्या मजल्यावरच्या बाईच्या वरणात गेली. ती भांडायला वर आली. तिनं उत्तर ऐकलं, आणि रडत परत गेली, वरण तसंच खाल्लं. एवढ्यात ही बातमी अख्ख्या सोसायटीत. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबली, कारण लिफ्टमनला पुढची ओळ ऐकायची होती.

भीमराज हसून खोकायला लागले. बुवांच्या डोळ्यांच्या कडा दुमडल्या. वहिनी त्यांच्या पायाशी बसल्या होत्या, त्यांनी देवाचं नाव घेतलं. सीतारामला जोर आला. चाळीस वर्षांत त्याचा हात एवढा मोकळा कधी पडला नव्हता.

मार्तंडबुवानं म्हणे तिथल्या तिथं मंडळी बोलावली. सोसायटीच्या आवारात चादर अंथरली, पेटी मांडली. स्वतःच्या तोंडानं धोंडूचं उत्तर गायलं, एकदा नाही, तीनदा. भैरवीत गायलं. येऊ शकत नाही, कारण गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, जिना बंद. नाहीतर आत्ता पायी आला असता. पण त्यानं मुलुंडच्या दिशेला तोंड केलं, पाच हजार माणसांसमोर डोक्यावरची टोपी काढली, पेटीवर ठेवली—

"—आणि हात जोडल्यान. म्हणालो, धोंडू, हरलंय. आता माझो सवाल नाय. तू निवांत पड."

सीताराम थांबला. आपण बरोबर जागी थांबलो असं त्याला वाटलं. वहिनींचे डोळे वाहत होते. दारात क्षमा सिस्टर औषधाची सिरिंज घेऊन उभ्या होत्या.

बुवांच्या डोळ्यांच्या कडा सरळ झाल्या होत्या. ते सीतारामकडे बघत राहिले, जसे बारीत ठेका चुकला की बघायचे. पाटी मांडीवर होती. त्यांनी ती घेतली नाही. उजवा हात उचलला. तो छातीवरून वर सरकला, गळ्याशी पोचला, आणि बोट नळीच्या तोंडावर बसलं.

"नको, नको, लिवा," वहिनी म्हणाल्या.

घसा खरवडत, एकेक शब्द ओढत, बारा खाटांना ऐकू जाईल असा तो आवाज वर आला.

"खोटा. मार्तंड... उलटो सवाल टाकल्याबिगर... हात जोडता?" त्यांनी बोट काढून श्वास घेतला, आणि पुन्हा दाबलं. "सीताराम... कधी गेलो तो?"