सुकं डावीकडे, ओलं उजवीकडे

प्योन दो-सिक यांनी एकतीस वर्षं आमच्या घाटरस्त्यांवर बस चालवली; आमच्या देशात गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात आणि ड्रायव्हर डावीकडे बसतो. ते निवृत्त झाले त्याच शरदात गावच्या कन्फ्युशियस मंदिरात त्यांना मान मिळाला. पूजेच्या दिवशी गुरू कन्फ्युशियसच्या आणि त्यांच्या चार शिष्यांच्या नामफलकांपुढे नैवेद्य मांडायचा! माणूस हरखून गेला. नवी काळी टोपीसुद्धा शिवून घेतली.

पण तालमीलाच घोळ झाला. डावीकडे सुकं, म्हणजे बोरं, सुकी मासळी, बांबूच्या टोपल्यांत. उजवीकडे ओलं, म्हणजे खारवलेला मुळा, कच्चं मांस, लाकडी भांड्यांत. दो-सिकनी तीनदा मांडलं, तिन्ही वेळा उलटं.

"डावं-उजवं कळत नाही आणि एवढी वर्षं बस हाकलीस?" पूजेचे प्रमुख शिन आजोबा कडाडले. "परवा पूजा आहे!"

दो-सिक कोठीघरात आले. मंदिराची देखभाल करणाऱ्या सुन-रे तिथे मुळा चिरत होत्या.

"वहिनी, मी नाही म्हणून सांगतो त्यांना."

"मग ती टोपी काय कोंबड्या झाकायला?" सुन-रे म्हणाल्या. "भावोजी, डावं कुणाचं? तुमचं की गुरूंचं?"

"म्हणजे?"

"गुरू तुमच्याकडे तोंड करून बसलेत. समजा, ते बस चालवतायत आणि तुम्ही बससमोर रस्त्यात उभे. ड्रायव्हर कुठे बसतो?"

"त्याच्या डाव्या अंगाला."

"तिकडे नुसती खिडकी, म्हणजे कोरडं. आणि दार?"

"उजवीकडे." दो-सिक थबकले. "पावसात सगळे ओल्या छत्र्या घेऊन तिथूनच चढायचे. पायरी कायम चिखलाची!"

"मग मुळा कुठे?"

"दाराशी!"

दोन दिवस त्यांनी कोठीतल्या टेबलावर रिकामी भांडी मांडून सराव केला.

पूजेच्या सकाळी दो-सिकनी गुरूंपुढे आणि चारही शिष्यांपुढे एकेक भांडं जागच्या जागी ठेवलं. शिन आजोबांनी वाकून वाकून पाहिलं, चूक सापडेना.

नंतर अंगणात गिंकोच्या झाडाखाली जेवणं बसली, तेव्हा आजोबांनी विचारलं, "मांडताना काय पुटपुटत होतास? कुठला मंत्र?"

दो-सिक लाजले. "दार, दार... खिडकी, खिडकी."

सगळं अंगण खदखदून हसलं. आजोबांनी मात्र हळूच बाहीतून एक चुरगळलेली चिठ्ठी काढली. तिच्यावर डावं-उजवं लिहिलेलं होतं.

"चाळीस वर्षं हिच्यावर चाललंय माझं. सुन-रे, ते बसचं मलाही जरा नीट सांग बघू."

सुन-रेनी सूपचे वाडगे बाजूला सारले आणि पहिल्यापासून सांगायला बसल्या.