कर्नलसाठी थंडाई

सत्त्याऐंशी साली कोल्हापुरातल्या एका सूतगिरणीत कॉम्प्युटर आला आणि त्याचं सगळं सरोजिनी कुरुंदवाडकर या तरुण बाईंच्या गळ्यात पडलं. काचेच्या खोलीत कपाटाएवढं यंत्र. त्याला तारांनी जोडलेले पडदे आणि कीबोर्ड हिशेबखात्यात, गोदामात, आणि चेअरमन सयाजीरावांच्या केबिनमध्ये. सयाजीरावांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पावणं आलं की हिरवा उजेड दिसलाच पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

एका सोमवारपासून यंत्र रोज दुपारी बसायला लागलं. गोदामाच्या पावत्या निघेनात, गेटवर ट्रकांची रांग लागली. शेवटी सयाजीराव स्वतःच आले.

"काय झालंय, बाई?"

"कर्नलची मेमरी संपतेय," सरोजिनी बोलून गेली.

"कंचा कर्नल?"

"यंत्राचा, साहेब. सगळ्यांना कामं वाटून देतो तो. त्याच्याकडे लक्षात ठेवायला जागाच उरत नाही."

सयाजीरावांचा चेहरा गंभीर झाला. "मिलिटरीतल्या मानसाचं असंच हुतंय. आमच्या दादाला रिटायर झाल्यापास्नं सुनंचं नाव आठवत न्हाय. डोस्क्याला खुराक पायजे की!"

कर्नल म्हणजे यंत्राच्या गाभ्यातला प्रोग्राम, माणूस नव्हे, हे सांगेपर्यंत ते जिना उतरलेसुद्धा. थोड्या वेळानं जोतीराम शिपाई बदामाच्या थंडाईचा तांब्या घेऊन हजर.

"कर्नलसायबांस्नी दिलीया. कुठं बसल्यात?"

सरोजिनीनं हताशपणे यंत्राकडे बोट केलं. जोतीरामनं हात जोडले आणि तांब्या थेट यंत्राच्या डोक्यावर ठेवला. तिनं झडप घालून तो उचलला.

"आज त्यांचा निर्जळी उपास आहे!"

"मग ऱ्हाऊ द्या," जोतीराम आदबीनं म्हणाला.

तो गेल्यावर तिनं यंत्र पुन्हा चालू केलं. कुणी काही करत नसतानाही मोकळी जागा घटतच होती. मग ती एकेक तार उपसत गेली. हिशेबखात्याची काढली, फरक नाही. गोदामाची काढली, तरी नाही. चेअरमनच्या केबिनची काढली आणि गळती जागच्या जागी थांबली.

केबिनमध्ये गेली तर कीबोर्डवर चांदीची गदा आडवी! सयाजीरावांनी तरुणपणी कुस्तीत मिळवलेली, सोमवारी झळाळी देऊन आणलेली. तिच्या वजनाखाली एक अक्षर दाबलेलं होतं आणि पडदाभर तेच उमटलं होतं. ओळ पुरी झाल्याची कळ दाबल्याशिवाय ते कुणी वाचायचं नाही, असा यंत्राचा कायदा. त्यामुळे बिचारा कर्नल रोज सकाळपासून ते एकच अक्षर लाखो वेळा लक्षात ठेवत, ओळ संपायची वाट बघत बसायचा.

"म्हंजे आमची गदा थेट कर्नलच्या डोस्क्यावर व्हय!" तिनं हे सांगताच खुर्चीतल्या सयाजीरावांची छाती फुगली.

"ती हलवावी लागेल, साहेब."

"जमायचं न्हाय. तिथंच तिच्यावर उजेड झ्याक पडतोय."

सरोजिनीनं वाद घातला नाही. यंत्राकडे जाणारी तार तिनं सुटीच ठेवली. पडदा उजळलेला राहिला, गदाही राहिली. ट्रक हलले आणि यंत्र पुन्हा कधी बसलं नाही.

शनिवारी संध्याकाळी सयाजीराव काचेच्या दारात घुटमळले.

"कर्नलला बायकापोरं हायत काय?"

"नाहीत."

"मग उद्या सुट्टीला एकटाच की!"

दुसऱ्या दिवसापासून जोतीरामला रविवारची ड्यूटी लागली. यंत्रासमोर खुर्ची टाकून तो पेपर वाचून दाखवायचा, कुस्त्यांची बातमी आली की दोनदा. सरोजिनीनं ते थांबवलं नाही. यंत्राजवळ कुणीतरी माणूस असलेला बरा, असं तिलाही वाटायला लागलं होतं.