आठ गाणी, सुटी

जुन्या टेपांवरचा आवाज साफ करून देणं हा तिचा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे मामाच्या बँडचा एकुलता एक रॉक अल्बम पुन्हा काढायचं ठरलं, तेव्हा टेप तिच्याकडेच आली. अल्बम निघाला तेव्हा सगळ्यांनी एकच म्हटलं होतं, सुटी गाणी सोनं, सलग ऐकलं की माती. लोकांनी सुटी उचलली. आठवं, शेवटचं, तर अजूनही दुकानादुकानांतून वाजायचं. मामा मात्र अल्बम पुरा झाला त्याच आठवड्यात घरातून निघून गेला, तो गेलाच.

दुपारी हेडफोन लावून तिने टेप पहिल्यापासून सोडली. पहिलं गाणं संपलं आणि दुसरं सुरू व्हायच्या आधीच्या कोऱ्या जागेत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दुसऱ्यानंतर पावलं. चौथ्यानंतर तीच पावलं जिना चढत होती. स्टुडिओत चालत असेल कुणीतरी, असं म्हणून तिने ती जागा तेवढीच पुन्हा ऐकली. चिटपाखरूही नाही. मागच्या गाण्यांना जोडून ऐकली, की पावलं हजर.

सातव्यानंतर कुणीतरी तिच्या कानाशी श्वास घेतला. तिने टेप बंद केली.

बँडमध्ये बास वाजवणारे काका अजून होते. तिने त्यांना फोन लावला.

"आठवं ऐकलंस?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"नाही."

"शहाणी आहेस. आम्ही कुणी पाचव्यापुढे गेलोच नाही."

"आणि मामा?"

"तो पडला हट्टी. त्याने शेवटपर्यंत ऐकलं."

तिने आठ गाण्यांचे आठ तुकडे केले, मधल्या जागा पुसून टाकल्या आणि कंपनीला कळवलं, सुटीच काढा. कंपनीलाही तेच हवं होतं. पण तिची सात ओळीने ऐकून झाली होती, त्याचं काय? दुकानात, लिफ्टमध्ये, कुठेही गाणी लागलेली असली की ती काढता पाय घ्यायची.

मग एका सकाळी ती दातांच्या डॉक्टरांकडे खुर्चीत आडवी होती. तोंडाचा आ केलेला, दात अर्धा कोरलेला, आणि बाहेरच्या खोलीतल्या रेडिओवर आठवं लागलं. तिने डॉक्टरांचा हात झटकला, कान दाबले आणि मान खाली घालून थेट रस्ता गाठला.

मागोमाग तिथली नर्स धावत आली. "अहो ताई, पर्स राहिली! आणि तुमच्याबरोबरचे गृहस्थ आत बसलेत, त्यांना पाठवू का?"

ती एकटीच आली होती.

"काय करताहेत ते?"

"काही नाही. दमलेत. फार लांबून चालत आलेत म्हणे. गाणं संपलं की निघू, म्हणाले."

"रेडिओ बंद करा. आत्ता, गाणं संपायच्या आत. तुमच्या पाया पडते!"

तिचा अवतार बघून नर्सला कीव आली असावी. ती आत गेली. गाणं ओळीच्या मध्येच तुटलं. थोड्या वेळाने नर्स पुन्हा दारात आली, तेव्हा तिचाही चेहरा उतरला होता.

"ताई, दार तर हे एकच आहे. मग ते गृहस्थ गेले कुठून?"

दात तिने दुसरीकडे भरून घेतला. फोनवर वेळ ठरवताना तिने आधी रेडिओची चौकशी केली. पलीकडच्यांना वाटलं, बाईला गाण्यांची आवड दिसते.